रोजचं बायबल वाचन: थोडं वाचा, सलग वाचा, आणि त्याच दिवशी करा

रोज बायबल वाचणारे लोक आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, भरपूर आहेत, आणि रोज वाचूनही वर्षानुवर्षं ज्यांचा राग, ज्यांची काळजी, ज्यांचा भावाशी धरलेला अबोला जिथल्या तिथे आहे असेही भरपूर आहेत. कोणाला नावं ठेवायला हे लिहीत नाहीये, महिला मंडळात, तरुण संघात, घरगुती प्रार्थनेनंतर चहा पिताना हा प्रश्न इतक्या वेळा कानावर आलाय की वाटलं एकदा बसून नीट लिहावं, की वाचतो तर आहोत मग आत काहीच का हलत नाही.

माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकते. आपण वाचतो पुष्कळ आणि थांबतो कमी. म्हणून रोज थोडंच वाचा, एका वेळी एकच पुस्तक सलग वाचा, आणि जे वाचलं त्यातली एक गोष्ट त्याच दिवशी, रात्री झोपायच्या आत, कुठेतरी खरंच करा. याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात आरशाचं उदाहरण आहे बघा, माणूस आरशात तोंड बघतो, निघून जातो आणि आपण कसे दिसतो तेच विसरतो, नुसतं ऐकणारा आणि न करणारा माणूस तसा. हे पत्र विश्वासणाऱ्यांनाच लिहिलंय, म्हणजे ही अडचण पहिल्या शतकातल्या मंडळ्यांनाही होती, आपल्यालाच काहीतरी विशेष झालंय असं समजून निराश व्हायचं कारण नाही.

किती वाचायचं ते आधी बघू. बायबलची पुस्तकं ६६, अध्याय ११८९ (कॅथलिक घरांमध्ये जे बायबल असतं त्यात पुस्तकं ७३). वर्षात सगळं संपवायचं ठरवलं तर रोज तीन-सव्वातीन अध्याय पडतात, ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं, पण बऱ्याच जणांचं असं होतं की उत्पत्ती आणि निर्गम उत्साहात होतं, जानेवारीच्या शेवटी लेवीय येतं आणि तिथे थांबतं ते थांबतंच, मग पुढच्या जानेवारीत परत उत्पत्ती एक. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी सांगेन की दहा ते पंधरा वचनं पुरे. एक गोष्ट, एक दाखला (येशूने सांगितलेली बोधकथा), पत्रातला एक परिच्छेद, बस. थोडं सरावल्यावर नव्या कराराचं, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाचं, गणित फार सोयीचं आहे, अध्याय २६०, आठवड्याचे पाच दिवस रोज एक धरला तर ५२ आठवड्यांत पूर्ण होतात, शनिवार रविवार मोकळे राहतात, राहिलेलं भरून काढायला नाहीतर नुसतं परत वाचायला. आणि नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, आज १२ तारीख असेल तर बारावा अध्याय, हे तर काही लक्षातही ठेवावं लागत नाही.

वेळेबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. पहाटे उठूनच वाचलं पाहिजे असं आपल्याकडे सांगतात, आणि येशू स्वतः पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला हे मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात आहे, म्हणून ज्यांना सकाळ मिळते त्यांनी सकाळच घ्यावी, दिवस सुरू व्हायच्या आधी वचन मनात गेलं तर दिवसभर ते सोबत राहतं. पण वडगाव शेरीत वन बीएचकेमध्ये सहा माणसं राहतात, सकाळी पाणी ठराविक वेळेलाच येतं, दोन डबे भरायचेत, पोराची स्कूल बस पावणेसातला, त्या बाईला पहाटेची शांत वेळ कुठून मिळणार. तिने सगळे गेल्यावर साडेनऊला भांडी घासायच्या आधी वाचावं. हॉस्पिटलमध्ये नाइट करणाऱ्या नर्सने घरी येऊन झोपायच्या आधी वाचावं, हिंजवडीला जाणाऱ्याने कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या वाचावं किंवा हेडफोन लावून ऑडिओ बायबल ऐकावं. अनुवाद नावाच्या पुस्तकात सहाव्या अध्यायात मोशे सांगतो की घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना या वचनांविषयी बोलत जा, त्यात सगळा दिवस आला की. एक मात्र पाळा, जी वेळ ठरवाल ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडा, पहिल्या चहाला किंवा बसमधल्या सीटला किंवा पोरं झोपल्यावरच्या त्या वीस मिनिटांना. "वेळ मिळेल तेव्हा" म्हणून ठेवलेलं वाचन होत नाही, कधीच होत नाही.

मोबाइलवर वाचू की पुस्तकात? दोन्ही चालेल, पण घरी असाल तर पुस्तकच घ्या असं माझं ठाम मत आहे. मोबाइलवर वचन उघडलं की वरून सोसायटीच्या ग्रुपचा मेसेज सरकतो, पाण्याचा टँकर, पार्किंग, कोणाची गाडी कोणाच्या जागेवर, आणि मन गेलं तिकडे. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि मग बसा. पुस्तकात पेन्सिलने खूण करता येते, आणि दोन वर्षांनी तीच खूण दिसली की त्या वेळी आपण कशातून जात होतो ते आठवतं.

भाषांतराचंही तसंच आहे. पवित्र शास्त्राची जी नेहमीची आवृत्ती आपल्या चर्चमध्ये वाचतात तिची मराठी गंभीर आणि गोड आहे, पाठांतराला तीच बरी कारण लहानपणापासून कानात तीच बसलीये, पण रोमकरांस पत्राच्या लांबलचक वाक्यांमध्ये अडकायला होतं तेव्हा शेजारी सोप्या मराठीतलं भाषांतर ठेवा, लाजू नका. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने केडगावला उतरलं की पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, तिथे बसून त्या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून पूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं, १९२२ मध्ये वारल्या तोपर्यंत त्या त्यावर काम करत होत्या, आणि त्यांचा हेतू हाच होता की साध्या बायकांना ते स्वतः वाचून कळावं. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात एका बाईने आयुष्याची कितीतरी वर्षं यासाठी घातली की आपल्याला कळत नाही म्हणून बायबल कपाटात राहू नये. घरात शाळेत इंग्लिश मिडियमला जाणारी मुलं असतील तर त्यांनी इंग्रजीत वाचलं तरी चालेल, पण प्रार्थना ज्या भाषेत मनापासून येते त्या भाषेत निदान एकदा तरी तो भाग वाचावा.

सुरुवात मार्कपासून करा. सोळाच अध्याय, छोटी छोटी वाक्यं, येशू सारखा चालतोय, बरं करतोय, बोलतोय, आणि तुम्हाला त्याच्या मागे चालायला लागतं. सोबत रोज एक स्तोत्र, छोटं असेल तर पूर्ण, ११९वं आलं तर घाबरू नका, त्याची वचनं १७६ आहेत पण ते आठ आठ वचनांच्या तुकड्यांत आहे, एक तुकडा एका दिवसाला पुरतो.

आता प्रत्यक्ष वाचायचं कसं, इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

बसल्यावर आधी अर्धा मिनिट गप्प राहा. मग एक छोटी प्रार्थना, ११९व्या स्तोत्रातच आहे तशी, की प्रभू माझे डोळे उघड म्हणजे तुझ्या शास्त्रातलं अद्भुत ते मला दिसेल. मग ठरलेला भाग मोठ्याने वाचा, पुटपुटत का होईना पण ओठ हलले पाहिजेत, डोळ्यांनी वाचताना आपण ओळखीच्या वाक्यांवरून घसरत जातो, तोंडाने वाचताना तसं घसरता येत नाही. मग तोच भाग परत एकदा, सावकाश. रात्री मटकी भिजत घालतो, सकाळी उपसून फडक्यात बांधून ठेवतो आणि मोड यायला तिला तिचा वेळ देतो, दर तासाला फडकं उघडून बघत बसत नाही, मननाला तेवढाच धीर लागतो. पहिल्या वाचनात काही सापडलं नाही म्हणून पुढच्या अध्यायावर उडी मारू नका.

एक भाग घेऊन दाखवते. मार्क १०:४६-५२, आंधळा बार्तीमय. संडे स्कूलपासून माहीत असलेली गोष्ट, म्हणूनच ती घेतली. यरीहोच्या वाटेवर भिकारी बसलाय, येशू जातोय असं कळल्यावर ओरडायला लागतो, "दाविदाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर," लोक त्याला दटावतात गप्प बस म्हणून, तो आणखीच ओरडतो, येशू थांबतो, त्याला बोलावतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे. तो म्हणतो मला दिसावं. आणि दिसायला लागल्यावर तो घरी जात नाही, येशूच्या मागे वाटेने चालू लागतो.

आता जर तुम्ही सलग वाचत असाल तर आदल्याच दिवशी तुम्ही त्याच अध्यायातला ३५व्या वचनापासूनचा भाग वाचलेला असेल, तिथे याकोब आणि योहान येशूकडे येतात आणि येशू त्यांनाही अगदी हाच प्रश्न विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं अशी तुमची इच्छा आहे. प्रश्न तोच आणि उत्तर बघा, त्यांना हवंय की तुझ्या गौरवात आम्हाला एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसव. इतकी वर्षं सोबत राहिलेल्या शिष्यांना खुर्ची हवीये आणि रस्त्यावरच्या आंधळ्याला दृष्टी. आणखी पुढे वाचत गेलात की पंधराव्या अध्यायात कळतं की येशूच्या उजवीकडे आणि डावीकडे शेवटी कोण होतं, दोन लुटारू, वधस्तंभांवर. तेव्हा लक्षात येतं की येशूने त्या दोघांना "तुम्ही काय मागता हे तुम्हाला समजत नाही" असं का म्हटलं होतं. हे सुटं सुटं वाचून कधी दिसलं नसतं, रोज थोडं पण सलग वाचल्यामुळे दिसतं, आणि दिसल्यावर मनाला जे लागतं ते दहा प्रवचनांनी लागणार नाही.

मग वहीत एक ओळ लिहा, एकच, आपल्या शब्दांत. भारी आध्यात्मिक भाषा नको. "मला आज प्रभूने तोच प्रश्न विचारला तर मी खुर्ची मागेन की दृष्टी?" एवढं पुरे. ज्याचं अप्रेजल चालू आहे त्याला हा प्रश्न वेगळा लागेल, ज्याला चर्चच्या कमिटीत यंदा घेतलं नाही म्हणून वाईट वाटतंय त्याला वेगळा लागेल. आणि मग त्याच भागातून आजची एक कृती शोधा. मला त्या गोष्टीत नेहमी ते गप्प करणारे लोक टोचतात, येशूच्या मागे चालणारी गर्दी, चांगले धार्मिक लोक, आणि तेच त्या गरजू माणसाला दटावतायत. तर आजची कृती अशी असू शकते: घरात ज्या माणसाचं बोलणं मी रोज मधेच तोडते, आजोबा तीच जुनी गोष्ट पुन्हा सांगतात किंवा पोरगं शाळेतली लांबण लावतं, त्याचं आज पूर्ण ऐकायचं, फोन हातात न घेता. कृती छोटी हवी, आज करता येण्यासारखी हवी आणि माणसाचं नाव घेऊन ठरवलेली हवी. "मी जास्त प्रेम करेन" ही कृती होत नाही, "संध्याकाळी आत्याला फोन करेन" ही होते.

मग ते एक वाक्य दिवसभर बरोबर न्या. चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये, नाहीतर गाडीच्या किल्लीच्या पाकिटात. विद्यापीठ चौकात सिग्नलला उभे असताना किंवा स्वारगेटला बसची वाट बघताना आपण आपोआप फोन काढतो, तेव्हा ती चिठ्ठी आठवा आणि ते वाक्य मनात दोनदा म्हणा. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर स्वतःला विचारा, ते केलं का. केलं असेल तर आभार माना. नसेल केलं तर तेही देवाला सांगा, क्षमा मागा आणि झोपा, उद्या तीच कृती परत घ्या, नवा भाग वाचला तरी कृती जुनीच राहू दे. मला तर वाटतं की एकाच कृतीवर आठवडा गेला तरी हरकत नाही, मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीजवळ दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. गावाकडच्या जमिनीवरून, आईच्या दागिन्यांवरून, फ्लॅटच्या वाटणीवरून आपल्या किती घरांत भाऊ-बहिणी रविवारी एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसतात. अशा माणसाने त्या दोन वचनांवर महिनाभर थांबावं, पुढे जाऊच नये, आणि महिन्याभरात एकदा तरी फोन उचलावा. पहिल्या फोनला समोरून कोणी गोड बोलेल असं नाही, तरी उचलावा.

लेवीयबद्दल बोलले म्हणून सांगते, तिथेही अडकायची गरज नाही. यज्ञांचे पहिले अध्याय जड जातात हे खरंय, ते वाचताना इब्री लोकांस पत्राचे नऊ-दहा अध्याय सोबत ठेवा म्हणजे कळतं की हे सगळं ख्रिस्ताकडे कसं बोट दाखवतं. पण एकोणिसावा अध्याय वाचा. शेताच्या कडेकोपऱ्याचं पीक कापू नका, गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. आणि याच अध्यायात, अठराव्या वचनात, आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, जे येशूने सर्वांत मोठ्या आज्ञांपैकी दुसरी म्हणून सांगितलं. आता मजुरीचं वचन घ्या आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा पगार बघा, एक तारखेचा पगार सात तारखेला, "अहो मावशी आज सुट्टे नाहीत, उद्या देते." त्यांचं खोलीचं भाडं, पोरांची फी त्या पैशांवर असते. लेवीय वाचून एका घरात जरी मावशींचा पगार वेळेवर जायला लागला तर ते पुस्तक त्या घराने खरं वाचलं. मत्तयचा पहिला अध्याय, ती वंशावळ, तीही टाळू नका, त्या नावांच्या यादीत तामार आहे, राहाब आहे, रूथ आहे, उरीयाची बायको आहे, ज्यांची नावं घेताना त्या काळच्या लोकांनी खाली बघितलं असतं अशा बायका तारणाऱ्याच्या घराण्यात मोजल्यात.

एक सावधगिरी, आणि ही महत्त्वाची आहे. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांच्या चित्रावर एक वचन येतं, ते वाचून "आमेन" टाकलं की वाचन झालं असं मानू नका. वचन खरंच असतं पण ते कोणाला, कधी, कशासाठी सांगितलं हे न बघता घेतलं तर आपण त्याला आपल्याला हवं ते बोलायला लावतो. यिर्मया २९:११, तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, हे नोकरीच्या इंटरव्ह्यूच्या दिवशी सगळे पाठवतात. ते एका पत्रातलं वाक्य आहे, बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं, आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षं लागतील असं लिहिलंय. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परत जायच्या आधी तिथेच मरणार होते. त्यांना काय सांगितलं होतं, घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात नेलंय त्या शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. हे वाचल्यावर ते वचन कमी होत नाही उलट जास्त खोल जातं, इंटरव्ह्यूत नाही निवडलं तरी ते खरं राहतं. तसंच फिलिप्पै ४:१३, मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करू शकतो. बोर्डाच्या परीक्षेला मुलांच्या पॅडवर हे लिहिलेलं असतं. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने ते बंदिवासात लिहिलंय, आणि आधीच्या दोन वचनांत तो म्हणतो की उपाशी राहायला आणि पोट भरलेलं असताना राहायला, विपुलतेत आणि गरजेत, मी शिकलोय. ते सामर्थ्य कमी पैशांत, आजारपणात, अपमानात समाधानी राहायचं आहे. मुलांना हे सांगितलं तर मार्क कमी पडल्यावर त्यांचा विश्वास ढासळणार नाही. म्हणून नियम सोपा ठेवा, वचन पाठवायच्या आधी त्याच्या वरची दहा आणि खालची दहा वचनं वाचायची.

कोरडे दिवस येतात. घरात आजारपण आहे, नोकरी गेली, गर्भ राहिला नाही, आणि पान उघडलं की अक्षरं नुसती दिसतात. अशा वेळी स्वतःला जबरदस्तीने आनंदी करायला जाऊ नका, विलापाची स्तोत्रं वाचा. तेरावं स्तोत्र, हे परमेश्वरा किती काळ तू मला विसरणार. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही, आणि तरी ते देवाच्या पुस्तकात आहे आणि देवाशीच बोललेलं आहे. मला हे फार मोठं वाटतं, की दुःखी माणसाने काय प्रार्थना करावी हे देवाने स्वतःच लिहून ठेवलं. जे शब्द तुमच्याकडे नाहीत ते तिथून घ्या आणि वाचा, तेवढंच, कृती वगैरे काही शोधू नका त्या दिवसांत. आणि दिवस चुकले, चार चुकले, पंधरा चुकले, तर मागचं भरून काढायच्या मागे लागू नका, जिथे होतात तिथूनच आजचा भाग वाचा, देव हजेरी घेत नाहीये.

हे सगळं एकट्याने करायचं नाही. संध्याकाळची कुटुंब प्रार्थना ज्या घरात अजून चालू आहे त्यांनी ती सोडू नये, आणि ज्या घरात सुटलीये त्यांनी आठवड्यातून दोनदा का होईना परत सुरू करावी. लांब नको, मुलं पेंगतात. एकेक वचन एकेकाने वाचायचं, सगळ्यात लहान मुलालाही एक द्यायचं, अडखळत वाचलं तर मधे दुरुस्त करायचं नाही, आणि मग प्रत्येकाने एकच सांगायचं, यातलं काय आवडलं किंवा काय कळलं नाही. "कळलं नाही" म्हणायची परवानगी हवी. प्रेषितांच्या कृत्यांत सतराव्या अध्यायात बिरुया गावच्या लोकांचं कौतुक आहे, पौलासारख्या माणसाने सांगितलं तरी ते रोज शास्त्रात शोधून बघायचे की हे असंच आहे का. मुलाने विचारलं की देवाने असं का केलं तर त्याला गप्प करू नका, तुम्हालाही माहीत नसेल तर "पाळकसाहेबांना विचारू" म्हणा आणि खरंच विचारा. आपल्या पुण्यात विचारायला जागा कमी नाहीत, बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, नगर रोडला पेपल सेमिनरी आहे, शास्त्राचा अभ्यास केलेली माणसं या शहरात मंडळ्यामंडळ्यांत आहेत, आणि उपासनेनंतर एक नीट प्रश्न विचारला तर पाळकांना त्याचा आनंदच होतो.

बदल होतोय की नाही हे कशावरून ओळखायचं? डोळ्यांत पाणी आलं, अंगावर काटा आला, यावरून नाही, ते गाण्यानेही होतं. गलतीकरांच्या पाचव्या अध्यायातली आत्म्याच्या फळाची यादी घ्या, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन, आणि तीन-चार महिन्यांनी घरच्यांना विचारा, नवऱ्याला, बायकोला, मोठ्या झालेल्या मुलीला, की यातलं माझ्यात काही वाढलंय असं वाटतं का. त्यांना खरं सांगू द्या आणि ऐकताना स्वतःची बाजू मांडू नका. मीटर नीट नाही म्हणून रिक्षावाल्याशी वाद झाला तेव्हा आवाज किती चढला, जावेच्या नव्या घराची बातमी ऐकून पोटात काय झालं, ऑफिसात दुसऱ्याची चूक आपल्या फायद्याची होती तेव्हा आपण काय बोललो, असल्या ठिकाणी वचनाचं काम दिसतं. आणि ते हळू दिसतं. आधी राग आल्यावर दोन दिवसांनी कळायचं, मग त्याच रात्री कळायला लागतं, मग बोलता बोलताच कळतं, आणि एखाद्या दिवशी बोलायच्या आधी कळतं.

तर आता करायचं इतकंच, की आज रात्री उद्याची वेळ ठरवा, बायबल त्या जागेवर नेऊन ठेवा, आत वही आणि पेन्सिल. मंडळीतल्या एका व्यक्तीला, मैत्रीण, मामेभाऊ, शेजारच्या काकू कोणीही, मेसेज करा की मी उद्यापासून मार्क वाचतेय, तूही वाच, दर शनिवारी पाच मिनिटं फोनवर बोलू की आठवड्यात काय वाचलं आणि काय केलं. उद्याचा भाग मार्क १:१-१५. मार्क संपला की याकोब घ्या, पाचच अध्याय, पण त्याला महिना द्या, जिभेचा तिसरा अध्याय तर आठवडाभर पुरतो. मग उत्पत्ती, मग लूक आणि त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये, दोन्ही एकाच हाताने लिहिलेली आहेत म्हणून सलग वाचली की फार छान लागतात. रोमकरांस पत्र त्यानंतर, आणि ते शक्यतो कोणाबरोबर तरी बसून.